शनिवार-रविवारचे अँटवर्प : नियम सांभाळून, हिशेब राखून

जुन्नरच्या लेण्यांतील शिलालेखांत काही दात्यांच्या नावापुढे ‘यवन’ असा शब्द कोरलेला आहे. इरिल, चिट आणि चंद अशी त्यांची नावे. एकाने पाण्याच्या दोन पोढ्या, म्हणजे टाकी, दिली. दुसऱ्याने भोजनमंडप दिला. तिसऱ्याने लेण्याचे गर्भद्वार दिले. ग्रीक किंवा ग्रीकवंशीय मानली जाणारी ही माणसे सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी या डोंगरांत आली, त्यामागे व्यापार होता. कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांत उतरलेला माल नाणेघाट चढून जुन्नरच्या पेठेत येई. घाटमाथ्यावरचा जकातीचा दगडी रांजण आजही त्याची साक्ष देतो.

घोडेगावजवळचे आपले शिनोली त्या जुन्नरपासून फार लांब नाही. आता प्रवासाची दिशा बदलली आहे. जुन्नर-नारायणगावची द्राक्षे युरोपच्या बाजारात जातात. आंबेगाव-जुन्नरच्या व्यापारी घरांतील मुले-मुली बेल्जियम, नेदरलँड्स आणि जर्मनीच्या विद्यापीठांत शिकतात. फळे, मसाले किंवा खाद्यपदार्थांचा व्यापार करणारे बर्लिन व कोलोनच्या प्रदर्शनांना जातात. काम शुक्रवारी संपते, परतीचे विमान सोमवारी असते आणि मध्ये एक शनिवार-रविवार मोकळा राहतो. हे दोन दिवस हॉटेलच्या खोलीत खाखरे खाऊन काढावेत, की एखादे शहर पाहावे? पाहावे तर खर्चाचे काय, आणि त्याहून मोठा प्रश्न म्हणजे आपल्या नियमांचे काय?

शिनोली परिसरातील एका किराणा व्यापाऱ्याच्या घरात हा प्रश्न दोन वर्षे अडून राहिला होता. मुलगी लूव्हेनला उच्च शिक्षण घेत होती. वडिलांची जाण्याची तयारी होती, आईची नव्हती. त्यांचा चौविहार अनेक वर्षांचा. त्यांचा प्रश्न अगदी साधा होता : “तिथे सूर्य केव्हा मावळतो हेच मला ठाऊक नाही, तर मी पच्चक्खाण कसे घेऊ?” घरातल्या तरुणांनी ‘चार दिवस चालवून घ्या’ असे म्हटले आणि बोलणे तिथेच थांबले. चालवून घेण्यासाठी नियम घेतलेला नसतो, हे त्या माउलीला पक्के ठाऊक होते. तिच्या प्रश्नाला समजुतीच्या शब्दांची नव्हे, माहितीच्या उत्तराची गरज होती.

ते उत्तर शोधता शोधता एक गोष्ट लक्षात येते. नियम पाळणाऱ्याला परदेश महाग पडतो, असा आपल्याकडे समज आहे. प्रत्यक्ष हिशेब मांडला तर तो उलटा निघतो. युरोपच्या शहरात प्रवाशाचा खिसा रिकामा होतो तो रात्रीच्या जेवणाने, पेयांनी, दिसेल तिथे खाण्याने आणि आयत्या वेळी घेतलेल्या निर्णयांनी. सूर्यास्तापूर्वी जेवणारा, शिदोरी बाळगणारा, पायी चालणारा आणि दिवसाची आखणी आधी करणारा श्रावक या चारही खर्चांतून आपोआप सुटतो.

अँटवर्पच का?

पॅरिस-रोमच्या मानाने अँटवर्पचे नाव आपल्याकडे पर्यटकांपेक्षा व्यापाऱ्यांच्या तोंडी अधिक असते. शेल्ड नदीच्या काठचे हे बेल्जियमचे बंदर सोळाव्या शतकात युरोपातील सर्वांत मोठ्या व्यापारी शहरांपैकी एक होते. पोर्तुगीजांनी मलबारहून नेलेली मिरी इथे विकली जाई. १५३१ मध्ये इथे व्यापाऱ्यांसाठी खास बाजारगृह बांधले गेले; युरोपातील पुढच्या अनेक बाजारगृहांनी त्याचा नमुना घेतला. आपल्याकडे बाजार समितीच्या आवारात सकाळी सौदे होतात, तसे तिथे निरनिराळ्या भाषा बोलणारे व्यापारी एका छताखाली सौदे करीत. पुढे युद्धाने शहराची धूळधाण झाली. १५८५ मध्ये ते स्पॅनिश सैन्याच्या हाती गेले, नदीचा मार्ग बंद झाला आणि व्यापारी अ‍ॅमस्टरडॅमकडे निघून गेले. पेठ उठायला वेळ लागत नाही आणि बसायला पिढ्या लागतात, हे या शहराच्या इतिहासात स्पष्ट दिसते.

आज अँटवर्प हिऱ्यांसाठी प्रसिद्ध आहे. रेल्वे स्थानकाच्या शेजारच्या मोजक्या गल्ल्यांत हा सारा व्यापार सामावलेला आहे. १९६० च्या दशकापासून पालनपूर आणि सौराष्ट्रातील जैन कुटुंबे तिथे जाऊ लागली. आधीपासून तिथे असलेल्या ज्यू व्यापाऱ्यांच्या बरोबरीने, आणि पुढे त्यांच्याहूनही मोठ्या प्रमाणात, त्यांनी या व्यापारात स्थान मिळवले. याच समाजाने शहराच्या विलरैक या उपनगरात श्री शंखेश्वर पार्श्वनाथ भगवानांचे शुभ्र संगमरवरी जिनालय उभारले. त्याची प्रतिष्ठा २०१० मध्ये झाली. परमुलखात जाऊन स्वाध्याय, प्रतिक्रमण आणि पर्युषण यांची परंपरा पुढच्या पिढीला देणारा समाज तिथे आहे, म्हणून आपल्या वाचकांसाठी हे शहर निवडले.

सोयीच्या दृष्टीनेही ते योग्य ठरते. ब्रुसेल्सहून रेल्वेने पाऊण तास, ब्रुसेल्स विमानतळाहून त्याहूनही थोडा कमी वेळ लागतो. अ‍ॅमस्टरडॅम आणि कोलोन येथूनही काही तासांत पोहोचता येते. जर्मनी किंवा नेदरलँड्सच्या कामासाठी घेतलेला शेंगेन व्हिसा बेल्जियमलाही चालतो, त्यामुळे या दोन दिवसांसाठी वेगळे शुल्क पडत नाही. मात्र अर्जातील प्रवासाच्या तपशिलात हे दोन दिवस दाखवावेत आणि किमान ३०,००० युरोचा प्रवास-विमा सर्व दिवसांचा असावा. ज्या देशात मुक्काम अधिक, त्याच देशाकडे अर्ज करायचा असतो. २०२४ च्या जूनपासून प्रौढांचे व्हिसा शुल्क ९० युरो आहे. ६ ते १२ वर्षांच्या मुलांना ते निम्मे पडते. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि किमान पंधरा दिवस आधी तरी करावाच लागतो. उशीर करणाऱ्याला विमानाचे तिकीटही महाग पडते, हे वेगळे सांगायला नको.

घड्याळ आणि पच्चक्खाण

आता त्या माउलीच्या प्रश्नाकडे वळू. शिनोलीत वर्षभरात सूर्यास्ताच्या वेळेत सव्वा तासाच्या आसपास फरक पडतो. हिवाळ्यात सहाच्या सुमारास, ऐन उन्हाळ्यात सव्वासातच्या आसपास सूर्य मावळतो. अँटवर्प बरेच उत्तरेला असल्याने तिथे हा फरक फार मोठा आहे. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात सूर्य पावणेनऊच्या सुमारास उगवतो आणि साडेचारनंतर थोड्याच वेळात मावळतो. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात तो साडेपाचच्या आत उगवतो आणि रात्री दहाच्या सुमारास मावळतो.

याचा अर्थ असा, की डिसेंबरात सूर्योदयानंतर ४८ मिनिटांची नवकारशी धरली तर पहिला घास साडेनऊच्या सुमारास आणि शेवटचा घास साडेचारच्या आत. मधल्या सात तासांतच फिरणेही आणि जेवणेही. मे महिन्याच्या मध्यावर मात्र सूर्य सहाच्या थोडा आधी उगवतो आणि साडेनऊच्या जवळपास मावळतो. दिवसभर फिरून, निवासावर परत येऊन, स्वतः शिजवून जेवले तरी चौविहार सहज सांभाळतो. या वेळा प्रत्येक गावासाठी मिनिटाच्या अचूकतेने आधीच उपलब्ध असतात. निघण्यापूर्वी त्या दिवसांच्या वेळा कागदावर लिहून घ्याव्यात. दोन गोष्टींचे भान ठेवावे. पहिली : तिथे मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळ एक तास पुढे जाते आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे येते. उन्हाळ्यात आपल्या घड्याळापेक्षा बेल्जियम साडेतीन तासांनी, हिवाळ्यात साडेचार तासांनी मागे असते. दुसरी : पच्चक्खाण आपण जिथे आहोत तिथल्या सूर्याचे असते, घरच्या घड्याळाचे नव्हे. विमानप्रवासातील वेळेबद्दल शंका असल्यास गुरुमहाराजांकडे आधीच विचारणा करावी.

चातुर्मासात अनेक कुटुंबे प्रवास टाळतात. मे अखेरीस बी-बियाणे आणि खतांच्या खरेदीची गडबड सुरू होते. त्यामुळे एप्रिलचा उत्तरार्ध ते मे महिन्याचा मध्य हा काळ आपल्या व्यापारी घरांना सर्वांत सोयीचा. त्या कुटुंबानेही तोच काळ निवडला. वेळांचा कागद हातात पडल्यावर आईने दुसरा प्रश्न विचारला नाही. शिदोरीची यादी करायला घेतली.

शिदोरीत काय घ्यावे, काय घेऊ नये

इथे एक नियम सर्वांनी नीट समजून घ्यावा, कारण त्याची माहिती नसल्याने विमानतळावर डबे टाकून द्यावे लागतात. युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशाला दूध आणि दुधाचे पदार्थ सोबत नेता येत नाहीत. म्हणजे तुपाचा डबा, पेढे, बर्फी, पनीर हे घरीच ठेवावे. ताजी फळे आणि भाज्यांनाही रोगमुक्ततेचे प्रमाणपत्र लागते. केळी, नारळ, अननस, खजूर अशा मोजक्या फळांना तेवढी सूट आहे. तूप न लावलेले खाखरे, भाजलेले पोहे, मुरमुरे, मुगाची डाळ, तांदूळ, कोरडे मसाले, सातूचे पीठ अशी कोरडी शिदोरी घ्यावी. फाल्गुन चौमासीनंतर सुकामेवा वर्ज्य मानणाऱ्यांनी आणि पदार्थांची काळमर्यादा पाळणाऱ्यांनी आपापल्या परंपरेप्रमाणे यादी ठरवावी. दूध, दही, फळे, भाज्या आणि ब्रेड तिथल्या दुकानांत उत्तम मिळतात.

पाकिटावरचे घटक वाचण्याची सवय मात्र लावून घ्यावी. युरोपीय संघाच्या नियमाप्रमाणे दूध, अंडी, मासे यांसह चौदा घटक यादीत ठळक दाखवावे लागतात. त्यामुळे अंडे चटकन सापडते. कांदा, लसूण आणि जिलेटिन या चौदांत येत नाहीत, म्हणून संपूर्ण यादी वाचावीच लागते. अँटवर्पची भाषा डच आहे. अंडे म्हणजे ‘आय’, मांस म्हणजे ‘फ्लेस’, मासा म्हणजे ‘फिस’, लसूण म्हणजे ‘क्नोफलोक’, बटाटा म्हणजे ‘आर्डआपल’. हे शब्द त्यांच्या लिपीत एका कागदावर मुलांकडून लिहून घ्यावेत आणि तो कागद पाकिटात ठेवावा.

बेल्जियमच्या रस्त्यांवर तळलेल्या बटाट्याच्या फोडींची दुकाने जागोजागी दिसतात. कंदमुळे वर्ज्य असणाऱ्यांचा प्रश्नच नाही. पण जी मंडळी बटाटा खातात त्यांनीही सावध राहावे. परंपरेने या फोडी गाईच्या चरबीत तळल्या जातात. वनस्पती तेल वापरणारी दुकाने आहेत, पण विचारल्याशिवाय घेऊ नये. वाफल या प्रसिद्ध पदार्थात बहुधा अंडे असते. चॉकलेटांच्या आत कधी मद्य, कधी जिलेटिन असते. अनेक चीजमध्ये प्राण्यांच्या जठरातून काढलेले विरजण वापरले जाते. ज्यू वस्तीत ‘कोशर’ असे लिहिलेले पदार्थ दिसतील. कोशर म्हणजे शाकाहारी नव्हे, हेही लक्षात ठेवावे. हिरेबाजाराच्या परिसरात भारतीय शाकाहारी भोजन मिळते. जैन पद्धतीचे हवे असेल तर आधी दूरध्वनीवर सांगावे आणि सूर्यास्ताची वेळ लक्षात घेऊन जावे. विमानातील जैन भोजन तिकीट काढतानाच नोंदवावे. आयत्या वेळी ते मिळत नाही.

मुक्काम आणि वाट

दोघे किंवा कुटुंब असेल तर छोटे स्वयंपाकघर असलेली खोली हॉटेलपेक्षा फायद्याची ठरते. एकट्या विद्यार्थ्याला वसतिगृहासारख्या निवासातील एक खाट पुरते. तिथे सामायिक स्वयंपाकघर असते. मात्र तिथली भांडी सर्व प्रकारच्या अन्नासाठी वापरली जातात, म्हणून आपले छोटे पातेले, झाकण आणि चमचे सोबत न्यावेत. शेगड्या बहुधा विजेच्या असतात. काहींवर लोखंडी वा विशिष्ट स्टीलच्या बुडाचीच भांडी चालतात, हे आरक्षण करताना विचारावे. पक्के पाणी पिणाऱ्यांना विजेची किटली सोयीची पडते. नळाचे पाणी पिण्यायोग्य असते. ते उकळून, गार करून बाटलीत भरून घेतले की दिवसभराचा पाण्याचा खर्च वाचतो. भोजनगृहांत पाणी बहुधा विकतच मिळते. आपल्याकडच्या जाड तीन दांड्यांच्या पिना तिथल्या सॉकेटात बसत नाहीत, म्हणून जोडणी घरूनच न्यावी.

शहराचा जुना भाग पायी फिरण्याजोगा आहे. स्थानकापासून मुख्य चौक ग्रोटे मार्क्टपर्यंत सावकाश चालत अर्ध्या तासाच्या आत पोहोचता येते. शिनोलीहून डिंभ्याकडे चालत जाणाऱ्या पायांना हे अंतर काहीच नाही. ट्राम आणि बसचे तिकीट तीन युरोच्या आसपास आहे. ते एक तास चालते. रविवारी अनेक मोठी दुकाने बंद असतात किंवा थोडा वेळच उघडतात, म्हणून भाजी, दूध, फळे शनिवारीच आणून ठेवावीत.

शनिवार : पेठ आणि वह्या

पहिले प्रेक्षणीय स्थळ म्हणजे रेल्वे स्थानकच. ते पाहायला पैसे पडत नाहीत. १९०५ मध्ये पूर्ण झालेले हे दगडी स्थानक, त्याचा उंच घुमट आणि एकाखाली एक असलेले रुळांचे मजले पाहत अर्धा तास सहज जातो. बाहेर पडताच हिरेबाजार लागतो. शनिवारी तिथे शांतता असते, कारण तो ज्यूंचा शब्बाथ, विश्रांतीचा दिवस. जगातील एवढा मोठा बाजार आठवड्यातून एक दिवस धर्मासाठी बंद राहतो आणि तरी शतकाहून अधिक काळ चालू आहे, हे आपल्या मुलांना आवर्जून दाखवावे. पर्युषणात दुकान बंद ठेवले तर गिऱ्हाईक तुटेल, अशी भीती बाळगणाऱ्यांनीही ते पाहावे. याच गल्ल्यांत पिढ्यान्‌पिढ्या मोठे सौदे शब्दावर आणि हस्तांदोलनावर होत आले. सौदा पक्का झाला की दोन्ही पक्ष ‘मझल’ असा हिब्रू शब्द उच्चारतात. तो उच्चारण्यात ज्यू आणि जैन असा भेद राहत नाही.

तिथून चालत जुन्या शहरात जावे आणि सकाळचा मुख्य वेळ प्लँटिन-मोरेटस संग्रहालयाला द्यावा. तिकीट काढावे असे शहरात एकच ठिकाण निवडायचे झाले, तर व्यापारी कुटुंबाने हेच निवडावे. ख्रिस्तोफ प्लँटिन हा फ्रान्समधून आलेला पुस्तकबांधणी कारागीर. १५५५ मध्ये त्याने इथे छपाईचा उद्योग सुरू केला. १५६२ मध्ये धर्मविरोधी मजकूर छापल्याच्या संशयावरून त्याचा माल लिलावात गेला. पुढच्याच वर्षी भागीदार मिळवून त्याने पुन्हा धंदा उभा केला आणि त्या भागीदारीचे हिशेब दुहेरी नोंद पद्धतीने ठेवले. बहरात असताना त्याच्याकडे सुमारे सोळा मुद्रणयंत्रे चालत. त्याच्यामागे त्याचा जावई यान मोरेटस याने धंदा सांभाळला आणि १८७६ मध्ये शहराला विकेपर्यंत, म्हणजे तीनशे वर्षांहून अधिक काळ, तो एकाच घराण्यात राहिला.

या घराण्याने काहीही टाकून दिले नाही. सुमारे १६०० सालची, जगातील सर्वांत जुनी मानली जाणारी दोन मुद्रणयंत्रे तिथे उभी आहेत. त्यांच्या रोजकीर्द, खतावण्या, कामगारांच्या मजुरीच्या नोंदी, पत्रव्यवहार, सारे काही जपलेले आहे. २००१ मध्ये या दप्तराला युनेस्कोने जागतिक स्मृतीच्या नोंदवहीत स्थान दिले आणि २००५ मध्ये वास्तू जागतिक वारसा ठरली. दिवाळीला वहीपूजन करणाऱ्या आपल्या समाजाला वहीचे महत्त्व कोणी सांगायला नको. पण आजोबांची वही आपल्या माळ्यावर आहे की रद्दीत गेली, हा प्रश्न त्या दालनात उभे राहिल्यावर मनात आल्याशिवाय राहत नाही. शिनोली, घोडेगाव, मंचर, जुन्नरच्या जुन्या पेढ्यांच्या वह्यांत धान्याचे भाव आहेत, हिरड्याची खरेदी आहे, दुष्काळातली उधारी आहे. तो आपल्या तालुक्याचा इतिहास आहे आणि त्याला वाळवी लागत आहे. मुलांबरोबर हे दालन पाहणाऱ्याने घरी परतल्यावर माळ्यावरचे एक गाठोडे उघडले, तरी तिकिटाचे पैसे वसूल झाले असे समजावे.

दुपारी शिदोरी खाऊन ग्रोटे मार्क्ट पाहावा. १५६५ मध्ये पूर्ण झालेली नगरसभेची इमारत आणि तिच्यासमोरचे ब्राबोचे कारंजे तिथे आहे. नदीवर जबर जकात मागणाऱ्या आणि न देणाऱ्याचा हात तोडणाऱ्या राक्षसाची दंतकथा त्या कारंज्याशी जोडलेली आहे. जवळच कॅथेड्रल आहे. त्याचे काम १३५२ मध्ये सुरू झाले. त्याचा मनोरा १२३ मीटर उंच आहे आणि आत चित्रकार रुबेन्सची भव्य चित्रे आहेत. तिकीट थोडे महाग असल्याने चित्रांची आवड असणाऱ्यांनीच आत जावे; बाहेरून पाहायला पैसे पडत नाहीत.

संध्याकाळी नदीकाठी जावे. १९३३ मध्ये खुला झालेला सेंट आना बोगदा शेल्ड नदीच्या खालून पलीकडे जातो. लांबी ५७२ मीटर, खोली सुमारे ३१ मीटर, उतरायला जुने लाकडी सरकते जिने आणि शुल्क काहीच नाही. पलीकडच्या काठावरून जुन्या शहराचे संपूर्ण दर्शन घडते. त्या कुटुंबाने तिथे बसून खाखरे आणि फळे खाल्ली, मग निवासावर येऊन खिचडी केली. सूर्य मावळायला अजून तासभर अवकाश होता.

रविवार : जिनालय आणि उद्यान

रविवारची सकाळ विलरैकच्या जिनालयासाठी ठेवावी. मध्य शहरातून ट्राम किंवा बसने जाता येते. हे तिथल्या समाजाचे पूजास्थान आहे, पर्यटनस्थळ नव्हे. म्हणून ओळखीच्या कोणामार्फत आधी कळवून, वेळ विचारून जावे आणि परवानगीशिवाय छायाचित्रे घेऊ नयेत. पूजेची वस्त्रे सोबत असतील तर उत्तमच. मंदिरमार्गी वाचकांना दर्शनाचा लाभ होईल. स्थानकवासी बंधू-भगिनींनीही तिथल्या समाजाशी दोन शब्द बोलावेत. परदेशी जन्मलेली मुले नवकार मंत्र कशी शिकतात, आजी-आजोबा पाठशाळा कशी चालवतात, हे ऐकण्यासारखे असते.

तिथून जवळच मिडलहाइमचे खुले शिल्प-उद्यान आहे. १९५० पासून झाडांमध्ये मांडलेली शेकडो शिल्पे तिथे विनामूल्य पाहता येतात. मुलांना धावायला जागा आणि वडीलधाऱ्यांना बसायला सावली मिळते. एखाद्या बाकावर सामायिकही निवांत होते. दुपारनंतर बंदराच्या बाजूला असलेल्या मास संग्रहालयाकडे जावे. २०११ मध्ये उघडलेल्या या साठ मीटर उंच इमारतीच्या दालनांना तिकीट आहे. पण सरकत्या जिन्यांनी थेट गच्चीवर जायला पैसे लागत नाहीत. तिथून एका बाजूला कॅथेड्रलचा मनोरा आणि दुसऱ्या बाजूला युरोपातील दुसऱ्या क्रमांकाच्या बंदराचे यांत्रिक हात दिसतात. आपल्या शिवारातली द्राक्षे अशाच एखाद्या बंदरात उतरतात, हे तिथे उभे राहून मुलांना सांगावे.

हिशेब

आता दोघांसाठी दोन रात्रींचा अंदाज मांडू. दर ऋतूप्रमाणे बदलतात, म्हणून हा आकडा दिशादर्शक समजावा. स्वयंपाकघर असलेली खोली २०० युरो. दूध, फळे, भाजी आणि एक वेळचे बाहेरचे जेवण मिळून ७५ युरो. ब्रुसेल्सहून येण्याजाण्याची रेल्वे ४० युरो. शहरात दोघांची मिळून आठ तिकिटे २४ युरो. प्लँटिन-मोरेटस आणि कॅथेड्रल ४८ युरो. एकूण ३८७ युरो. युरोला शंभर रुपये धरले तर ३९ हजारांच्या आत. कॅथेड्रल बाहेरून पाहिले आणि एक जेवण खोलीवर केले, तर त्यातही सहज पाच-सहा हजारांची बचत होते. वसतिगृहात राहणाऱ्या एकट्या विद्यार्थ्याचे दोन दिवस याच्या निम्म्याहून कमी खर्चात होतात. रोज दोनदा बाहेर जेवणाऱ्या आणि मध्ये पेये घेणाऱ्या दोघांचा केवळ खाण्याचा खर्चच आपल्या खोलीभाड्याच्या जवळ जातो. ही तफावत कंजूषपणातून आलेली नाही. ती नियमातून आली आहे.

त्या कुटुंबातील आईने चारही दिवस चौविहार केला. मुलीने त्या दिवसांत आईबरोबर सूर्यास्तापूर्वी जेवण केले आणि पुढेही, अभ्यासातून जमेल तेव्हा, ते चालू ठेवले. तिला कोणी उपदेश केला नव्हता. नियम परक्या गावातही सांभाळता येतो, हे तिने पाहिले होते. आपली मुले दूर गेली की धर्म सुटेल, ही चिंता आज घरोघरी आहे. केवळ फोनवर बजावून ती मिटणार नाही. आई-वडिलांनी एकदा तिथे जावे, त्यांच्या छोट्या स्वयंपाकघरात उभे राहावे आणि काय जमते, काय अवघड जाते, हे त्यांच्याबरोबर अनुभवावे. त्यासाठी महिनाभराची सहल लागत नाही. नीट आखलेले दोन दिवस पुरतात.

परत आल्यावर सहलीचा जमाखर्च घरातील सर्वांसमोर वाचावा. मुलांना त्यातून पैशाचे मोल कळते. अंदाजापेक्षा खर्च कमी झाला असेल तर उरलेल्या रकमेतील काही भाग जीवदयेला किंवा गावातील पाणपोईला द्यावा. व्यापारासाठी जुन्नरला आलेल्या परदेशी पाहुण्याने दोन हजार वर्षांपूर्वी पाण्याची टाकी दिली, ती आजही कड्यात कोरलेली आहे. परदेशाहून परतलेल्या आपण आपल्या गावासाठी निदान एक माठ भरून ठेवावा.

जय जिनेंद्र.